डावं अंग

मुठीवरचे आकडे पुसून गेलेत.
पहिला कुठे, तिसरा कुठे, हे तळहाताला ठाऊक,
आणि तळहात कुणाला सांगत नाही.

ही पिकअप माझ्याकडे आली तेव्हा
दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर चालून दमली होती.
आधी रस्ता बांधणाऱ्यांची, मग दवाखान्याची, मग माझी.
मोखोत्लोंगच्या गॅरेजातले न्ताते मोखेथी म्हणाले,
‘इंजिन सोन्यासारखं. फक्त दुसरा रुसतो.’
दुसरा म्हणजे दुसरा गिअर.
घाईनं टाकला की दात-ओठ खातो.
त्याला आधी न्यूट्रलच्या मोकळ्या अंगणात क्षणभर उभं करायचं,
क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा,
मधे उजव्या पायानं इंजिनाला हलकेच चुचकारायचं,
मग जातो आत, काही झालंच नाही अशा थाटात.
असे पुरुष मी पाहिलेत.
एकाशी तर लग्नही केलं.

उजव्या हातानं मी लिहिते, पापा ढवळते,
उजव्यानंच पोरांच्या दंडात सुई टोचते.
डावं अंग जन्मभर नुसतं सोबतीला होतं.
या गाडीनं त्याला कामाला लावलं:
डावा हात, डावा पाय,
आणि डाव्या गुडघ्यातली ती कुरकुर
जी बर्फ पडायच्या आदल्या रात्री सुरू होते.

घाट उतरताना ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही.
लो, पहिला, आणि दोन्ही पाय बाजूला घेऊन गप्प बसायचं.
इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं,
कण्हत, कुंथत,
एकेक पायरी चाचपणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.
मागे थंड पेटीत गोवरच्या लशी.
खाली दरीत कुणाच्या तरी ट्रकचा गंजका सांगाडा,
त्याच्या टपावर शेळी.
दरवेळी तीच शेळी आहे असं वाटतं. नसणार.

सासरे शेजारी बसले की वळणावर
त्यांचाही डावा पाय फाटक्या मॅटवर दाबला जातो.
चाळीस वर्षं घोड्यावर काढलेला माणूस.
मी एकदा म्हटलं, घोड्यासारखीच आहे की ही.
‘छट्,’ म्हणाले, ‘घोडा झिंगलेल्या माणसालाही घरी आणून सोडतो.
ही कुठली आणतेय?’

गेल्या वर्षी कचेरीनं नवी गाडी दिली,
आपले आपण गिअर बदलणारी.
मासेरूच्या सिग्नलवर, खोटं कशाला बोलू, सुख वाटलं.
डावा हात मांडीवर ठेवून रेडिओ ऐकला.
पण वर, निसरड्या वळणावर
तिनं माझ्याऐवजी ठरवलं, आणि चुकीचं ठरवलं.
माझा पाय, अंधारात नसलेली पायरी शोधावी तसा,
रिकाम्या तळावर आपटत राहिला.
तीन महिन्यांनी किल्ली परत केली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: गुडघा.
कारकून सहानुभूतीनं हसला.

जुलैतली सकाळ. बॅटरी रात्रीतून मेलेली.
किल्ली फिरवली तर नुसतं टक्.
मेंढपाळ पोरं आली, घोंगड्या, गमबूट,
लोकरी टोप्यांतून फक्त डोळे.
सगळ्यांत धाकटा लेफा,
गेल्याच महिन्यात माझ्या सुईला घाबरून पळालेला, तोही.
क्लच दाबून दुसरा टाकला. त्यांनी ढकललं.
गाडी उतारावर मुकाट सरकू लागली,
चाकांखाली बर्फाचा आवाज कोरड्या पिठासारखा,
अजून नाही,
अजून नाही,
आता.

पाय सोडला.
एक हिसका, एक खोकला,
आणि दुसरा, तोच रुसका दुसरा,
बोलला.

थांबून आभार मानायला हवे होते.
पण थांबले आणि पुन्हा बंद पडली तर?
उजवा हात खिडकीबाहेर काढून हलवला,
डावा मुठीवरच.
आरशात लेफा बर्फात पालथा पडलेला,
हसत होता, आणि टोपी शोधत होता.